गॅलरीतली हाक

आमच्या कुत्र्याला सगळं कळतं. फिरायला जायची गाडी कुठली आणि डॉक्टरकडे जायची कुठली, हे आम्ही किल्ली उचलायच्या आत त्याला कळतं. कोण पाहुणा त्याचे मनापासून लाड करतोय आणि कोण आईला बरं वाटावं म्हणून, हेही कळतं. फक्त 'ये' म्हटलेलं कळत नाही. म्हणजे घरात कळतं. घराबाहेर पडला, की कानात बोळे.

बाबा गेल्यावर मी दिल्लीला, द्वारकेत आईकडे राहायला आले. माझं ऑफिस गुरुग्रामला आणि नवऱ्याची नोकरी तेव्हा बंगळुरूला, त्यामुळे कुणाची परवानगी काढायचा प्रश्न नव्हता. आल्याबरोबर संध्याकाळचं कुत्र्याला फिरवणं माझ्याकडे आलं. कुणी सांगितलं नाही; बाबांची वेळ झाली, कुत्रा दाराशी जाऊन बसला, आई टीव्हीसमोरून हलली नाही, आणि मी चपला घातल्या.

तो जातीचा वगैरे काही नाही. तांबूस रंग, एक कान उभा आणि एक पडका. बाबा मंत्रालयातल्या नोकरीतून निवृत्त झाले त्या हिवाळ्यात सोसायटीच्या जनरेटरमागे जन्मला आणि ऊब संपल्यावर बाबांच्या मागून घरी आला. बाबांनी त्याला काही म्हणजे काही शिकवलं नव्हतं. पट्टा त्यांच्या स्वेटरच्या खिशात असायचा आणि कुत्रा मोकळा. मागच्या पार्कात दोघं जायचे, बाबा बाकावर बसायचे, कुत्रा हिंडायचा, अंधारायला लागलं की दोघं परत. इतकं सरळ चाललेलं बघून मलाही वाटलं, यात काय आहे?

दुसऱ्याच संध्याकाळी मी त्याला पार्कात सोडला. खार दिसली, तो धावला. खार झाडावर गेली, हा सरळ पुढे मागच्या फाटकातून बाहेर, मोठ्या रस्त्यावर. ते फाटक कायम उघडं असतं. त्याला कुलूप लावावं की नाही, यावरून सोसायटीच्या ग्रुपवर लोकांनी एकमेकांशी बोलणं सोडलंय, पण कुलूप लागलेलं नाही. मी ओरडत मागे. एका टॅक्सीने करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हरने मला आणि कुत्र्याला मिळून शिव्या दिल्या, आणि कुत्रा रस्त्याच्या मधोमध उभा राहून भलतीकडेच बघत होता, जणू हे सगळं दुसऱ्या कुणाचं चाललंय.

घरी येऊन मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिचा चेहरा इतका पांढरा पडला, की मला सांगितल्याचा पश्चात्ताप झाला. "याला काही झालं तर मला नाही झेपणार," एवढंच ती म्हणाली.

मग मी पद्धतशीर मागे लागले. मी रागावले की पद्धतशीर होते, हा आमच्या घरात चेष्टेचा विषय आहे. व्हिडिओ बघितले. हार्डवेअरच्या दुकानातून लांबलचक दोरी आणली. सगळे व्हिडिओ सांगतात की हाकेला बक्षीस पाहिजे, तेही रोजचं बिस्कीट नाही, जीव टाकावा असं. आईच्या स्वयंपाकघरात कोंबडी शिजणं शक्य नव्हतं, तेव्हा पनीर. आधी घरात, मग जिन्यात, मग रिकाम्या पार्किंगमध्ये, मग पार्कात. एकदाच हाक मारायची. तो येणार नाही असं वाटत असेल तर मारायचीच नाही. कारण हाक मारली आणि तो आला नाही, की तेवढी ती बोथट होते. मागे तर अजिबात धावायचं नाही, उलट दिशेने पळायचं, म्हणजे कुत्रा आपल्यामागे येतो. सेक्टरातल्या कितीतरी लोकांनी मला त्या हिवाळ्यात पनीरचा डबा घेऊन उलट्या दिशेने पळताना पाहिलंय. एका काकांनी काळजीने विचारलंही, "बेटा, सब ठीक है ना?"

आणि फरक पडला. कबुतरांमधून तो परत आला. मोमोवाल्याच्या गाडीपासून परत आला, हे तर मला स्वतःलाही जमत नाही. पलीकडच्या मैदानात लग्नाचे तंबू पडायचे आणि सकाळी भिंतीपाशी हाडं सापडायची. तीही तोंडातून टाकून आला. मी नवऱ्याला फोनवर फुशारक्या मारल्या.

पण संध्याकाळची एक वेळ अशी यायची, की काहीच चालायचं नाही. दिवे लागायच्या सुमाराला, धुकं खाली उतरायला लागलं, की तो बाबांच्या बाकापाशी थांबायचा आणि उभा कान आमच्या इमारतीकडे करायचा. मग दगड. पनीर नाकाला लावलं तरी वास घ्यायचा नाही. डोक्यावरून विमान इतकं खाली जायचं की बोलणं थांबवावं लागायचं, त्याचा कान हलायचा नाही. तो काहीतरी ऐकत नव्हता. ऐकू यायची वाट बघत होता. रोज त्याच जागी, रोज त्याच वेळी. मला ते बघवत नसे आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटे. मीही त्याच्याबरोबर तिकडे बघायला लागले होते. दुसऱ्या मजल्यावर आमची गॅलरी, तिचं दार बंद, आत टीव्हीचा निळा उजेड. बाबा गेल्यापासून आईने त्या दाराची वरची कडी काढली नव्हती. कपडेसुद्धा आतल्या खोलीत वाळायचे.

तळमजल्यावरच्या पंजाबी आंटी तिथेच दुसऱ्या बाकावर विणत बसायच्या. एकदा त्यांनी सुया थांबवल्या आणि विचारलं, "अब तुम्हारी मम्मी आवाज़ नहीं लगातीं?"

"कौन-सी आवाज़, आंटी?"

"वही, शाम वाली। अहोऽऽ।" त्यांनी ती आईसारखीच लांबवली, शेवटाला थोडी वर नेऊन. "हमारी तो घड़ी थी वो। आवाज़ आई, अंकल उठे, ये भी उठा, चल दिए दोनों।"

कुत्र्याने झटकन त्यांच्याकडे पाहिलं. आंटींनाही ते दिसलं. त्यांनी लोकर गुंडाळली आणि "अच्छा, ठंड बढ़ गई" म्हणत त्या उठून गेल्या.

मी त्याच बाकावर बसून राहिले. इतक्या साध्या गोष्टीकडे माझं लक्ष कसं गेलं नव्हतं? ती हाक मी लहानपणापासून ऐकत आले होते, सरकारी क्वार्टर्समध्ये, मग इथे. पंखा चालू असतो तशी ती चालू होती. आईने बाबांना आयुष्यात नावाने हाक मारली नाही. मी माझ्या नवऱ्याला नावानेच बोलावते, रागात तर आडनावानेसुद्धा. त्यामुळे हा शब्द माझ्या जिभेला कधी लागलाच नाही. आणि दिल्लीत आईला तो दुसऱ्या कुणाला म्हणायची वेळ येत नसे. महाराष्ट्रात असती तर शेजारणीला, भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, सगळ्यांना म्हणाली असती. इथे उंबरा ओलांडला की हिंदी. कोपर्निकस मार्गावर, महाराष्ट्र सदनाबाहेर आपल्या लोकांत उभं राहून तशी हाक मारली, तर चारसहा पुरुष तरी वळून बघतील. आमच्या सेक्टरमध्ये वळणारा एकच होता. तो गेला आणि त्याच्याबरोबर तो शब्द घरातून गेला.

आणि कुत्रा. बाबांनी त्याला कधी हाक मारलीच नव्हती. हाक गॅलरीतून यायची, बाबांना. बाबा म्हणायचे, "चला, बोलावणं आलं." कुत्रा पुढे पळायचा, कारण बाबा खाली गार्डशी क्रिकेटबद्दल वाद घालायला थांबायचे. हा वर दाराशी यायचा पण आत यायचा नाही. जिन्याकडे तोंड करून बसायचा. आई पदराला हात पुसत म्हणायची, "ये आत. ते येतील मागून." मग तो आत यायचा. आणि ते यायचे मागून.

बाबांना नेलं ते दुपारी. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना म्हणून खुर्चीत बसवून खाली नेलं. कुत्रा फार भुंकत होता, त्याला कुणीतरी बाथरूममध्ये कोंडलं. हॉस्पिटलमधून बाबांना परस्पर स्मशानात नेलं, घरी आणलंच नाही. त्याच्यापुरतं कुणीही मेलेलं नव्हतं. एक माणूस मागून यायचं राहिलं होतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी ती हाक मारून बघितली. तो फाटकाच्या बाजूला होता, दोरीवर. आजूबाजूला कुणी नाही असं बघून, चोरी केल्यासारखी, मी म्हटलं, "अहोऽऽ."

तो वळला. इतक्या आठवड्यांच्या पनीरला तो असा कधी वळला नव्हता. धावत आला, माझ्यापाशी आला, आणि थांबला नाही. माझ्याभोवती फिरून त्याने वर गॅलरीकडे पाहिलं. दार बंद. मग बाकाकडे पाहिलं. बाकाकडे बघून शेपटी हलवायला लागला. आधी सावकाश, मग जोरात, अंग हलेपर्यंत, बाक रिकामा असताना. मी दोरी ओढली, तो बसला. उचलून न्यावं लागलं त्याला, आणि तो माझ्या खांद्यावरून शेवटपर्यंत मागे बघत होता.

पुन्हा मी ती हाक मारली नाही. पण एक कळलं होतं. मी शिकवलेला 'ये' कबुतरांपुरता होता. त्या वेळेला, त्या जागी त्याला परत आणणारा शब्द एकच होता, आणि तो आईकडे होता.

मी तिला विचारलं. जेवणं झाली होती, ती डाळीचं पातेलं घासत होती. मी बरीच प्रस्तावना केली. रस्ता, फाटक, त्याचा जीव. मग म्हटलं, "आई, तू फक्त एकदा गॅलरीत येऊन हाक मारायचीस, पूर्वी मारायचीस तशी. तो येईल."

तिने नळ बंद केला.

"कुणाला हाक मारू?" तिने विचारलं.

"अगं, म्हणजे त्यालाच. त्याला तीच कळते."

"ती त्याची नाही." पातेलं तिने उलटं ठेवलं, पुन्हा सुलटं केलं. "मी हाक मारायची आणि कुत्रा एकटा येताना बघायचा. रोज. हे तू मला करायला सांगतेयस."

ती हात पुसून बाहेर गेली आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामाच्या मुलाला फोन कर. त्याच्या कारखान्यावर कुत्रा हवाच आहे म्हणत होता. मानेसरला देऊन टाक ह्याला."

"आई, तिथे तो साखळीला असेल. गेटपाशी."

"जिवंत तर असेल." मग तिचा आवाज फुटला. "मला नाही ते बघवत गं. तो दाराशी बसतो ना, तोंड बाहेर करून. त्याला काय सांगू मी? बिल्कुल नाही बघवत."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही तिच्यामुळे. बाबांचं घरात होतं काय? चष्मा, गोळ्यांचा डबा, हिवाळी टोपी. श्वास घेणारं एवढं एकच राहिलं होतं, आणि त्यालाच ती घालवायला निघाली होती. पण दाराशी बसलेला तो दिवसभर जिला बघावा लागत होता, ती मी नव्हते. मी फोन केला. मामेभाऊ चांगला माणूस, त्याने फार प्रश्न विचारले नाहीत. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला.

त्या आठवड्यात आई कुत्र्याशी बोलली नाही. त्याच्या भांड्यात दूध मात्र जास्त पडत होतं.

शनिवारी मी त्याला नेहमीपेक्षा लवकर खाली नेलं, जास्त वेळ मिळावा म्हणून. पलीकडच्या मैदानात लग्न होतं. बँडवाले अजून नुसते फुंकून बघत होते. धुकं लवकर उतरलं होतं आणि त्यात तंबूचे दिवे पिवळे डाग पडल्यासारखे दिसत होते. मी बाकावर बसले. तोही माझ्या पायाशी बसला, हे तो सहसा करत नसे. मी त्याला मानेसरबद्दल सांगत होते. मोठी जागा आहे, ऊन भरपूर येतं, कामगार लाड करतील. माणसाला फसवताना बोलतो तसं गोड बोलत होते.

तेवढ्यात भिंतीपलीकडे फटाक्यांची माळ लागली.

तो उडालाच. दोरी ताणली गेली, त्याने मान खाली घालून मागे हिसका दिला आणि गळ्याचा पट्टा डोक्यावरून निघून माझ्यापाशी राहिला. तो भिंतीकडे गेला, तिथून फाटकाकडे. पुन्हा माळ लागली. मी हाक मारली. एकदाच मारायची असते. मी पाच-पन्नास मारल्या. डब्यातलं पनीर सांडलं. उलट्या दिशेने पळून बघितलं आणि मागे वळले तर तो आणखी लांब गेला होता, धुक्यात तांबूस ठिपका, फाटकाच्या अलीकडे. बाहेर मोठ्या रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न एकमेकांत मिसळले होते. तो घाबरून गोल गोल फिरत होता, आणि प्रत्येक फेरी त्याला फाटकाच्या जवळ नेत होती. मला त्याचं नाव आठवेना. खरंच आठवेना.

"अहोऽऽ."

वरून आली. मी आधी वळले. हे मला आजही स्पष्ट आठवतं. कुत्रा वळायच्या आधी मी वळले, आणि गॅलरीकडे नाही, बाकाकडे. म्हटलं, आता उठतील.

मग गॅलरीकडे पाहिलं. दार उघडं होतं, आतला उजेड बाहेर पडला होता आणि आई कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. शाल नव्हती अंगावर. आवाज पूर्वीचाच, शेवटाला वर जाणारा, जराही न थरथरता. वापरलाच नव्हता, मग बोथट कसा होईल? तिने पुन्हा हाक मारली. "अहोऽऽ. चला, झाला चहा."

कुत्रा माझ्या अंगावरून गेल्यासारखा गेला. थांबला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. बाकाला वळसा घालून, वाटेने, कुंड्यांच्या रांगेवरून सरळ आमच्या इमारतीच्या दरवाज्यात. आंटी उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता.

मी वर पाहिलं. आई कुत्र्याकडे बघत नव्हती. कुत्रा आत गेला होता तरी ती वाटेवर बघत होती, त्याच्या मागच्या मोकळ्या वाटेवर, जिथे धुक्यातून मी एकटी येत होते. मला पाय उचलवेना. तिला दिसेल अशी येणारी फक्त मीच होते.

खाली लिफ्टपाशी तो बसला होता. लिफ्टकडे पाठ, तोंड बाहेर. धापा टाकत होता, छाती भात्यासारखी हलत होती, पण जागचा हलत नव्हता. मी आले, त्याने माझ्या बाजूने मान काढून मागे पाहिलं. मी पट्टा घातला, त्याने घालू दिला. लिफ्टचं बटण दाबलं. "चल," म्हटलं. तो नाही उठला. पनीर संपलं होतं, आणि असतं तरी काही उपयोग झाला नसता.

लिफ्ट खाली आली, तिच्यातून आई उतरायच्या बेतात होती. घरातल्या स्लिपर, केस सुटलेले. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तो बघत होता तिकडे. तिचे ओठ दोनदा हलले. मला वाटलं ती रडेल, आणि मी पुढे झाले. तिने मला हाताने थांबवलं आणि वाकून त्याच्या पडक्या कानावरून हात फिरवला.

"ये आत," ती म्हणाली. "ते येतील मागून."

तो उठला आणि आत आला. तिच्या पायाला टेकून उभा राहिला. मीही आत गेले. दार सरकायला लागलं तेव्हा आईने मध्ये हात घातला आणि ते परत उघडलं. बाहेर गार्डची रिकामी खुर्ची होती, त्यापुढे पायऱ्या, मग धुकं. आम्ही तिघं तसेच बाहेर बघत उभे होतो आणि दार दोनदा बंद व्हायला आलं, दोनदा तिने थांबवलं.

मग तिने हात काढून घेतला.

"मानेसरला फोन कर," लिफ्ट वर जाताना ती म्हणाली. "उद्या येऊ नको म्हणावं."